दाखल्यावरची शैलजा

मेहकर, सोमवार, ७ जून १९६५

चि. रमाकांतास अनेक आशीर्वाद.

माझा मास्तरणीच्या जागेचा अर्ज परत आला. बुलढाण्याच्या शाळाखात्याच्या कचेरीतले मोठे कारकून उत्तमराव यांनी शनिवारी रजिस्टर उघडून दाखवलं. शैलजा भगवानराव सपकाळ, मुक्काम धाड, सातवी पास, ही बाई चार वर्षांपासून जळगाव जामोदकडे शिकवत आहे. सातवीच्या दाखल्याचा नंबरही माझाच. म्हणजे मी केव्हाच नोकरीला लागले आहे, फक्त मला कळवायचं राहिलं.

हसू नकोस. यांना आता उजेडातही समोरचा माणूस ओळखू येत नाही. शेत वाट्यानं दिलं. दोन्ही पोरांची भिस्त या एका कागदावर आहे. उत्तमराव म्हणाले की बाई, तुम्ही शकुंतला उद्धव, मग शैलजा तुम्हीच हे कशावरून? लग्नात यांनी तांदळात शकुंतला लिहिलं, तेव्हापासून शैलजा म्हणून मला हाक मारणारं कोणी उरलं नाही.

तू नागपुरात दुसऱ्याची नावं चोरणाऱ्यांचाच अभ्यास करतोस ना? मग आता बहिणीचं नाव शोध. पोटभर जेवत जा, आणि उत्तराला उशीर करू नकोस.

तुझी,
शकूताई

नागपूर, ११ जून १९६५

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून मान खाली गेली. एप्रिलमध्ये मी त्याच कचेरीत तीन दिवस शिक्षकांच्या याद्या उतरवत होतो. यादीत फक्त 'शैलजा भ. सपकाळ' होतं. मी ते माझ्या हातानं वहीत लिहिलं आणि बाजूला 'आपल्याच आडनावाची' असा शेरा मारला. तुझ्या लग्नात मी सात वर्षांचा होतो. माझ्या मनात तू शकूताईच.

सरांना सांगितलं. ते म्हणाले की आम्हा चौघा विद्यार्थ्यांना या कामावर घेतलं ते चोर धरायला नाही, चोरी कोणत्या वाटेनं येते ते पाहायला. नवरीचं नाव बदलतं, तिच्या कागदावरचं बदलत नाही, ही वाट आधीच्या तेरा प्रकरणांत आम्हाला दिसलीच नव्हती. हे चौदावं. त्यांनी एकच गोष्ट विचारायला सांगितली, दाखला शेवटी कोणाच्या पेटीत होता. मी बाबांना लिहिलं आहे.

काळजी करू नकोस. स्वतः हजर होण्याआधीच नोकरी धरलीस, हे तुझ्या घाईला शोभलं. माझ्यावर रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
रमाकांत

धाड, १६ जून १९६५

चि. रमाकांतले आशीर्वाद.

तुयं पत्र पावलं. दाखला माह्याच पेटीत होता अन् म्याच देल्ला. झुंबरबाईच्या गीताले, माह्या भाचीले. नवऱ्यानं टाकलं तवा ते दोन खेपा इहिरीवर गेली, पानी आनाले नाही. सहावीलोक शिकेल पोर, सातवीचा कागद नाही. मले वाटलं, आपली शैलजा त शकुंतला झाली, सुखात हाय, ते नाव आता कोनाचंच नाही. रिकाम्या दावनीले दुसऱ्याची गाय बांधली त चोरी काऊन होते बे? तू शिकेल हायेस, तू सांग.

चार वर्सं झाले, गीता इमानानं शिकवून राह्यली. शकूले तू काही लिहू नको. म्याच जाऊन सांगतो. तेवढं तोंड मले ठेव.

भगवानराव

मेहकर, २४ जून १९६५

चि. रमाकांतास अनेक आशीर्वाद.

बाबा येऊन गेले. पाणी न घेता उभ्यानंच सगळं सांगितलं. मी म्हटलं की मला एकदा विचारायचं होतंत. ते म्हणाले की कोनाले इचारू, शैलजा त घरात नव्हतीच. मी भाकरी थापत राहिले. कडा फाटल्या.

काल गीताचं कार्ड आलं. शाळेतली पोरं तिला शैलजाबाई म्हणतात. आता गीता म्हणून कोणी हाक मारली तर वळायचं ध्यानातच येत नाही, असं लिहिते. खाली सवयीनं शैलजा अशी सही केली, ती खोडून गीता लिहिलं. खोडलेलं अक्षर हुबेहूब माझं आहे रे. लहानपणी पाटीवर तिचा हात धरून मीच गिरवून घेतलं होतं.

उत्तमराव कळवतात की साहेबांनी सोमवारी, २८ तारखेला अकरा वाजता तिघांना बुलढाण्याला बोलावलं आहे. आम्हा दोघींना शेजारी उभं करतील आणि बाबांना विचारतील की यातली शैलजा कोणती. माझ्याकडे बोट केलं तर गीताची नोकरी जाईल, वर खटलाही होईल. तिच्याकडे केलं तर माझी पोरं उघड्यावर. मला माझं नाव हवं आहे. पण ती विहीर मीही पाहिली आहे. कोणाकडे बोट करायचं, हे बाबांना मी सांगितलेलं नाही.

रविवारी ते मुक्कामाला येतील. सकाळच्या एसटीनं आम्ही निघू. गीता परस्पर येईल. तूही ये, वही मात्र घरी ठेव. आहे तसा जीव लावत राहा.

खाली सही करत नाही. कोणती करायची ते सोमवारी बाबा सांगतील.

तुझी ताई