लुकण लावलेला डबा

बाबा, पुराच्या डब्याबद्दल तुम्हाला एकदा विचारायचं राहिलंच. तोच, मोठ्या तोंडाचा पितळी डबा. भंडाऱ्याच्या बाजारात तीन दुकानं पालथी घालून, प्रत्येक ठिकाणी पाणी भरून, उलटा धरून, झाकण गळत नाही याची खात्री करून तुम्ही घेतला होता. वैनगंगा आपल्या मागच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्याच्या तोंडावर तुम्ही एक दिवस हातमाग बंद ठेवायचे आणि दादाला नि मला डब्याशी बसवायचे. मेणात बुडवलेली काडेपेटी, मेणबत्त्या, बॅटरीचे सेल, गढूळ पाण्यासाठी तुरटी, फुटाणे, गूळ, रेशनकार्ड. गल्लीतले लोक हसायचे, की हे पुराला आमंत्रण धाडतात. तुम्ही हातातलं काम न सोडता म्हणायचे, "तहान लागल्यावर विहीर खोदाची नाही, बाई. डब्यात गेलं ते वाचलं." शेवटी खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून लुकण करायचं आणि झाकणाच्या कडेनं लिंपायचं. ते काम माझं. दादापेक्षा माझा हात साफ, असं तुम्हीच म्हणायचे, आणि त्या एका वाक्यावर मी आठवडाभर मिरवायची.

मी जुनी अकरावी मॅट्रिक झाले त्या साली मृग उलटून गेला तरी तुम्ही डबा उघडा ठेवलात, माझी गुणपत्रिका यायची होती म्हणून. मला मास्तरीण व्हायचं होतं. अध्यापक विद्यालयाच्या मुलाखतीला तो कागद लागणार होता. दादाच्या गुणपत्रिकेवर माझी ठेवली, झाकण दाबलं, लुकण लावलं, अंगठ्यानं कड गुळगुळीत केली. तुम्ही शेजारी बसून पाहत होते.

श्रावणात एका सकाळी पाणी अंगणात आलं. तुम्ही डबा डोक्यावर घेतला, आईनं पीठ घेतलं, आणि आपण उंचावरच्या शाळेत गेलो. दुपारी सगळ्यांना भूक लागते. तुम्ही कोरड्या लाकडाच्या शोधात गेलेले. मी सुरी घेऊन लुकण खरवडायला बसते, तर सुरी लागतच नाही. नखानंच निघतंय. दोन महिन्यांत दगड व्हायला हवं होतं ते. आत फुटाणे आहेत, गूळ आहे, दादाची गुणपत्रिका आहे. माझी नाही. तिच्या जागी साकोलीहून आलेलं एक पत्र, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं. माझ्या नावाआधी चि. सौ. कां. आणि खाली दिवाळीनंतरची तिथी. माझं लग्न ठरलंय हे मला पुराच्या डब्यानं सांगितलं, बाबा.

तुम्ही आलात तेव्हा मी एवढंच विचारलं, "बाबा, माहा कागद कुठी आहे?"

तुम्ही फुटाण्यांची पुरचुंडी सोडत म्हणालात, "राहून गेला असन."

आई जमिनीकडे पाहत होती. तिला ठाऊक होतं.

पाणी ओसरल्यावर मी देवळीतला, मागाखालच्या खड्ड्यातला चिखल हातांनी उपसला. मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं, नागपूरहून दुसरी प्रत मागवता येते. तुम्ही म्हणालात, "पाहू." परत विचारलं तेव्हा म्हणालात, "आता तुले कायले पाह्यजे? साकोलीचे लोक नोकरी करू देतीन का?" त्या 'पाहू'मध्ये मुलाखतीची तारीख निघून गेली. तुम्ही स्पष्ट नाही म्हणाला असता, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मी भांडले असते. हरलेही असते कदाचित. पण तुम्ही माझ्यासाठी डबा थांबवला, मला सगळ्यांदेखत शहाणी म्हटलं, आणि मग मी लावलेलं लुकण माझ्यामागे काढून केसानं गळा कापला. कुंपणानंच शेत खाल्लं, तर तक्रार कुणाकडे न्यायची?

साकोलीची माणसं वाईट नव्हती. एकदा सासरेच म्हणाले, "सूनबाई, तुह्या बाबानं सांगितलं असतं तं आम्ही शिकू दिलं असतं." त्या दिवशी मी दोन्ही वेळचा स्वयंपाक केला आणि जेवले नाही. मी पण डबा भरते, बाबा. झाकण नुसतं दाबून ठेवते. घरातल्या कुणीही कधीही उघडून पाहावं.

तुमच्या अखेरच्या आजारात मी आठ दिवस उशाशी होते. एका दुपारी तुम्ही आपणहून बोललात, "तुहा कागद डब्यात ठेवाचा राहून गेला होता, बाई. घाईघाईत." मी तो स्वतःच्या हातानं ठेवला होता, हे तुम्हाला माहीत होतं. मला माहीत होतं हेही माहीत होतं. तरी तुम्ही माझ्याकडून होकार मागत होते. मी म्हटलं, "हो जी, घाईच होती तेव्हा." तुम्ही डोळे मिटले, तुम्हाला बरं वाटलं. त्या होकाराचा मला तुमच्या खोट्याइतकाच राग आहे. आणि आज समोर बसून विचारलंत, तर मी पुन्हा होच म्हणेन.