हत्तीचा कान

अप्पा, तुमचा हत्ती अजून माझ्या पिशवीत आहे. गोकर्ण, हुबळी, मध्ये केरळात कुठेतरी एक पावसाळा, सगळीकडे तो माझ्याबरोबर हिंडला. खाकी गणवेशाच्या उरलेल्या तुकड्यांचा, पोटात चिंध्या, डोळे दोऱ्याने भरलेले. बटणांच्या डब्यांमध्ये बसून तुम्ही कधी एका खेळण्याला बटणाचा डोळा लावला नाही. "बटण शर्टाला," म्हणायचात. "लेकराच्या हातात आलं की ते घशात जातं."

अग्रहारातलं आपलं शिलाईचं दुकान म्हणजे खेळण्यांचा खाटीकखाना होता. कपडे शिवून झाले की तुम्ही नवं खेळणं मारायला घ्यायचात. आधी इस्त्रीच्या टेबलावर आपटायचं, मग टाचेखाली रगडायचं, मग कान दाढेत धरून मान झटकायची, कुत्रं उंदराला झटकतं तशी. समोर बाई माप द्यायला उभी आणि तुमच्या तोंडात सशाचा कान. "नोड अक्का, बघ नीट, लेकरू राक्षस असतं," तुम्ही तिला सांगायचात, "राक्षसाला पुरेल असंच शिवायचं." फाटलं तर ते चुलीत. टिकलं तर गल्लीतल्या कुठल्यातरी पोराला. ओढून बघितल्याशिवाय एकही खेळणं पोराच्या हातात गेलं नाही.

मामा जत्रेतून पत्र्याची लाल मोटार घेऊन येतो तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही तिच्या कडेवरून अंगठा फिरवता, अंगठा कापतो, आणि तुम्ही हातोडी उचलता. मामा म्हणतो, "भावजी, पोराचं खेळणं आहे ते." तुम्ही चेचत राहता. मी धावत येऊन तुमच्या मनगटाला कडकडून चावतो. तुम्ही मला मारत नाही. रक्त येईपर्यंत चावू देता आणि म्हणता, "अस्संच. आता सशाला चाव." त्या दिवसापासून दाढेचं काम माझ्याकडे आलं. कापडी ठोकळे चावत चावतच मी अक्षरं शिकलो, एका बाजूला कन्नड क, उलट्या बाजूला आपला मराठी क. शाळेला मला धरून ठेवता आलं नाही. हे लिहितोय तीही त्या ठोकळ्यांवरचीच अक्षरं, म्हणून अशी टाके घातल्यासारखी. तर सांगत काय होतो, हत्ती.

यंदा दसऱ्याला आपल्या गावात आलो आणि तिथल्या प्रदर्शनात खेळण्यांच्या एका स्टॉलवर विकायला उभा राहिलो. मालक आपल्यातलाच, एकादशी न चुकवणारा. आता खेळण्यावर सरकारी शिक्का लागतो, अप्पा, त्याशिवाय विकायचं नाही असा कायदा आहे. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. शिक्का आहे म्हणजे कुठेतरी कुणीतरी तुमच्यासारखं त्याचा कान ओढून बघितलाय. पण आमच्या स्टॉलवर मालक सकाळी स्वतःच शिक्के चिकटवत बसायचा.

"मालक, या अस्वलाचा डोळा नुसता डिंकावर आहे."

"तू काय डोळ्यांचा डॉक्टर? शिक्का आहे ना, मग तेवढं साकु, तेवढं पुरे. विक."

संध्याकाळी सरस्वतीपुरममधली एक बाई आली, पुण्याहून इकडे राहायला आलेली, कडेवर वर्षाची मुलगी. बाई कोड्यांची खोकी बघत होती, मुलगी अस्वल चघळत होती. मग तिचा आवाजच थांबला. तोंड निळं पडायला लागलं. मी तिला ओढून घेतली, हातावर पालथी घातली आणि पाठीत दणके घातले. आयुष्यात कुणाला इतक्या जोरात मारलं नव्हतं. तिच्या आईला वाटलं मी लेकराचा जीव घेतोय. तिने नखांनी माझा गाल फाडला. तेवढ्यात काळा डोळा टप्पकन खोक्यावर पडला आणि मुलगी किंचाळली. त्यासारखा गोड आवाज मी ऐकलेला नाही.

मग मी अस्वलं मारायला घेतली. एकेकाचा डोळा दातांनी उपटायचा आणि मालकाच्या अंगावर थुंकायचा. त्याने तंबूचा बांबू काढून माझ्या तोंडावर घातला. मी त्याला कोड्यांच्या ढिगात पाडला, छातीवर बसलो, त्याच्या तोंडात डोळा कोंबायला गेलो. लोकांनी ओढलं नसतं तर कोंबला असता. उठलो तेव्हा माझा एक दात मातीत होता.

ती बाई बाहेर कट्ट्यावर बसली होती. आणि मुलगी माझ्या उघड्या पिशवीतून तुमचा हत्ती काढून त्याचा कान चावत होती.

"दादा, मला कळलंच नाही, मी तुम्हाला..." बाई म्हणाली. मग हत्तीकडे बघून, "हा देता का तिला? किती दिवसांनी अशी शांत बसलीय. काही होणार नाही ना याने?"

"अप्पांनी शिवलाय," मी म्हटलं. पण ओढून बघितल्याशिवाय द्यायचा कसा. मी हत्ती घेतला, कान दाढेत धरला. कापड जुनं झालंय अप्पा, विरलंय, वास मात्र तुमच्या मशीनच्या तेलाचा. मुलगी हात पसरून वाट बघत होती. मी कान तोंडातून काढला.

"दात तुटलाय ताई, ओढता येत नाही. न ओढता देता येत नाही."

बाई रडणाऱ्या मुलीला घेऊन गेली.

हा कागद हत्तीच्या पोटाखाली घालून ठेवतो, दुसरीकडे कुठे पाठवणार. पण तुम्ही विचारलंच असतंत, म्हणून सांगतो. तुटला तो दात डावीकडचा. कान मी उजव्या दाढेने ओढतो.