मधातलं ठिगळ

माय, आज पुन्हा गोधडी गुंडाळून कोपऱ्यात फेकली. पार वैताग आला आहे. मान आखडली, बोटांची चाळणी झाली, आणि सुईत दोरा ओवायला आता लेकीला हाक मारावी लागते. ती पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे अकोल्याला आली आहे. तिच्या बाळाला तुझ्या लुगड्याच्या गोधडीवर निजवायचं, एवढा एकच हट्ट धरला होता मी. त्यासाठी तुझं ते शेवटचं अंजिरी लुगडं फाडलं. आणि आता बघ!

वर तुझं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं, खाली मात्र मी कोरा मांजरपाट लावला. पहिलंच नातवंड, काही तरी नवं असावं, ही माझी हौस. काठापासून आत फेरे घालत आले, अगदी तुझ्यासारखी. पण मांजरपाट जागचा हलत नाही आणि लुगडं ताणलं जातं. सगळी ढील मधोमध येऊन असा फुगा आला आहे, की आत मांजर बसलंय म्हणावं. उसवायला गेले तर टाक्यांच्या भोकांपाशी तुझं लुगडंच फाटू लागलं.

चांदूर रेल्वेच्या आपल्या मळ्यातली ती दुपार आठवते. तू वांगी विकून बाजारातून आली आहेस, ओसरीवर गोधडी पसरली आहे, कोपऱ्यांवर पाटा-वरवंट्याचं वजन. मी मधेच सुई खुपसते आणि तू हातावर फटका मारतेस. "काठापासून ये ना वं! मधात काहून घुसून राहिली? आन् कोरं कापड कदी लावू नको, ते कोनाचं आयकत नाही." फटका लक्षात राहिला, कापडाचं विसरले.

सकाळी लेक म्हणाली, "राहू दे वं आई, बाजारातून चार दुपटी आणू." मी फाडकन बोलले, "आन, आन! मंग मी हाडं कायले मोडून राहिली?" अवघडलेली पोर, उठून आत गेली. मला फार वाईट वाटलं. पण सोडून द्यावं असं मलाही वाटत होतंच.

मग माझी लहानपणची गोधडी आठवली. तिच्या मधोमध लाल ठिगळ होतं आणि त्याखाली काही तरी पाठीला टोचायचं. मी कुरकुरले की तू म्हणायचीस, "तिथं चिमणी झोपली हाय, हलू नको." खोटारडी! तुझाही फुगाच आला होता की तिथे. मी एकटीच हसत बसले, किती दिवसांनी.

तेव्हा ठरवलं, चुण्या चापून दाबायच्या आणि वर ठिगळ लावायचं. ते बाळाच्या पाठीखाली येणार, मऊच हवं. तसं कापड घरात एकच उरलं आहे. हा कागद काही टपालात पडायचा नाही, म्हणून सांगते. लुगड्याचा पदर विरला होता, टाकून दिला, असं मी लेकीला सांगितलं. तो माझ्या पेटीत आहे. फार थकले की तोंडावर घेऊन पडते.

उद्या त्याला कात्री लावीन. पण अर्धाच कापीन, माय. अर्धा मला लागतो.