फॉर्मला पाडलेल्या चार खिडक्या

शनिवार, सकाळ

तीर्थस्वरूप आत्याच्या सेवेशी, भाचीचा कंबर मोडेस्तोवर वाकून नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे? आपला गुडघा काय म्हणतो? (पत्रात ‘आपण’ म्हणायचं असतं असं आई म्हणते. दोन वाक्यं म्हटलं, आता पुरे. तुला जन्मात कधी ‘अहो’ केलं नाही, ते आजच काय म्हणून?) गुडघ्याला शेक देतेस ना? आणि तो शेक देताना उठून उठून दूध उतू गेलं का ते बघत नाहीस ना? असो.

इकडे सगळे खुशाल आहेत. आईच्या हॉस्पिटलातल्या पाळ्या चालू आहेत, बाबांचं झेरॉक्सचं दुकान चालू आहे आणि लॅमिनेशनचं मशीनही चालू आहे. खरं म्हणजे हे सगळं फोनवरच सांगितलं असतं. पण मंगळवारी संध्याकाळी बाबांची खरडपट्टी काढून फोन आपटल्यापासून तू आमच्या घरातला एकही नंबर उचलत नाहीस. बाबांचा नाही उचललास, समजू शकते. माझा काय गुन्हा? (या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नकोस. पत्र शेवटपर्यंत वाच.)

तर आधी बातमी, म्हणजे तू पुढचं सावकाश वाचशील. मी जातेय! फॉर्म काल, शुक्रवारी, चार वाजून चाळीस मिनिटांनी जमा झाला. मुदत पाच वाजता संपत होती. पोच माझ्या उशीखाली आहे. इतके दिवस छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं वाटत होतं, तो काल उतरला. काल मी दोन माणसांचं जेवले आणि आज सकाळी दहापर्यंत झोपले. आईने दोनदा येऊन नाडी बघितली.

आता मुळापासून सांगते, कारण बाबांनी तुला अर्धवट सांगितलं असणार आणि उरलेलं अर्धं तू तुझ्या मनाने भरलं असणार. ‘स्वतंत्र अभ्यास’ म्हणजे काय हे आमच्या घरात अजून कोणाला नीट कळलेलं नाही. परदेशात पाच महिने राहायचं. वर्ग नाही, तासाची घंटा नाही, शिक्षक नाही, प्रश्नपत्रिका नाही. विषय आपला आपण शोधायचा, प्रश्न आपले आपण काढायचे आणि उत्तरंही आपणच. माझा विषय आहे सार्वजनिक जिन्यांचे कठडे. हसू नकोस. ज्या गावात मी जाणार आहे ते डोंगराच्या उतारावर आहे, तिथे रस्त्यांपेक्षा जिने जास्त, आणि शंभर-दीडशे वर्षं माणसांनी धरून धरून कठडे कुठे झिजलेत यावरून कोण कुठे दमतं, कोण कुठे थांबतं ते काढायचं. बाबांना मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी विषय दोनदा सांगायला लावला. मग म्हणाले, “शिक्षक नाही, वर्ग नाही, परीक्षा नाही. एकटीनेच बसून अभ्यास करायचा तर आपल्या माडीवर दार लावून कर की. जिना आपल्याकडेही आहे.” तेव्हा तूच त्यांना दीड तास फोनवर धरून बसलीस आणि शेवटी त्यांच्याकडून “बरं” काढलंस. ते ‘बरं’ मी विसरलेली नाही.

मग कॉलेजातल्या आमच्या मार्गदर्शक बाई. यांना आम्ही ‘पुन्हा-लिहा बाई’ म्हणतो. पाच महिन्यांचा आराखडा, आठवड्यानुसार, त्यांनी माझ्याकडून सात वेळा लिहून घेतला. पहिल्या आठवड्यात ‘गावाची ओळख’ असं लिहिलं होतं, तर म्हणे, “ओळख म्हणजे काय करणार? सकाळी उठून कुठे जाणार? सोमवारी काय, मंगळवारी काय?” मला सोमवारी काय करणार हे इथेच माहीत नसतं, तिकडचं कुठून सांगू? सातव्या खेपेला बाईंनी चष्मा काढला, फॉर्मवर सही केली आणि म्हणाल्या, “आता मला विचारायचं नाही. आता सगळं तुझं तुला.” मैत्रिणींना वाटलं, बाईंनी शाबासकी दिली. मी मात्र फॉर्म धरून बाईंच्या दारातच उभी राहिले.

आता लॅमिनेशन. तू आमच्याकडे येऊन चार वर्षं झाली, तेवढ्या काळात बाबांची ही खोड बरीच वाढली आहे. कागद दिसला की त्यांना तो उघडा बघवत नाही. जन्मदाखले, निकाल, आईचं ड्युटीपत्रक (ते दर आठवड्याला बदलतं), मिक्सरची माहितीपत्रिका, सगळं काचेसारखं गार आणि टणक. एकदा त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर अख्खंच मशीनमधून काढलं. पानं उलटायची सोय राहिली नाही. आमच्या स्वयंपाकघरात तीन वर्षं जानेवारी चालू आहे. आई म्हणते, वय तरी वाढत नाही.

त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी पाळीवरून आल्यावर आईला टेबलावर माझा फॉर्म दिसला, बाईंच्या सहीसकट, प्लास्टिकमध्ये कडेकोट बंद, तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नाही. तिने फक्त पर्स खाली ठेवली आणि खुर्चीत बसली. बाबा म्हणाले, “सवयीने माझ्याच हातून गेला.” त्यानंतर तुझा फोन आला, पुढचं तुला माहीत आहे. तू जे बोललीस ते आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं (स्पीकर चालू नव्हता, तरीही). “तुला पोरीला पाठवायचंच नव्हतं, म्हणून मुद्दाम केलंस,” हे तर शेजारच्यांनीही ऐकलं असेल. बाबा नुसतं “हं” म्हणाले.

अडचण अशी की फॉर्मवर अजून विभागप्रमुखांची सही, ग्रंथालयाची सही आणि मुख्य कचेरीचा शिक्का व्हायचा होता, आणि प्लास्टिकवर शाई टिकत नाही. नवा फॉर्म घ्यावा तर बाईंची सही पुन्हा हवी, आणि बाई बुधवारी पहाटेच कुठल्याशा परिषदेला निघून गेल्या, आठ दिवस फोन बंद. बुधवारी आईने सूत्रं हाती घेतली. जखमेची पट्टी सोडवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. तिने इस्त्री गरम केली, वर ओलं फडकं ठेवलं आणि कोपरा सोडवायला घेतला. कोपरा सुटला नाही, त्याची सुरळी झाली. आईने इस्त्री बंद केली आणि म्हणाली, “पेशंट आहे तसा राहू दे. जास्त छळू नका.” गुरुवारी कचेरीत गेले तर शिक्केवाले काका रजेवर. शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली काकांच्या खिशात आणि काका कोणाच्याशा साखरपुड्याला. मी घरी येऊन माडीवर जाऊन बसले. बाबा दोनदा जिन्यापर्यंत आले आणि परत गेले.

शुक्रवारी मात्र बाबांनी दुकानाला कुलूप लावलं (भर कामाच्या दिवशी! पाटी लावली, “आज बंद”, पाटी अर्थात लॅमिनेट केलेली) आणि माझ्याबरोबर आले. शिक्केवाले काका तीस वर्षं त्याच टेबलाशी आहेत. त्यांनी फॉर्म उलटसुलट केला, उजेडात धरला, नखाने वाजवून बघितला. मग शिक्का मारला. शिक्का घसरला आणि अर्धा काकांच्या बाहीवर उमटला. फॉर्मवरचा त्यांनी बोटाने पुसला, तो निघून गेला. काका म्हणाले, “पुसला जातो त्याला आम्ही शिक्का म्हणत नाही.” मी रडायच्या बेतात. बाबांनी विचारलं, “नियमात प्लास्टिक चालत नाही असं आहे का?” काकांनी नियमांची वही काढली. फाटलेला नको, खाडाखोड नको, डिंकाने चिकटवलेला नको. प्लास्टिकचं नाव नाही, कारण असं कोणी करील हे नियम लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. “पण शिक्का कागदावर पाहिजे,” काका म्हणाले. बाबा म्हणाले, “किती कागदावर?”

काकांना हा प्रश्न तीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. म्हणाले, “शिक्क्याएवढ्या.”

मग बाबांनी शर्टाच्या खिशातून पोलादी पट्टी आणि कटर काढलं. शिक्का मोजला, फॉर्मवर चौकोन आखला आणि वरचं प्लास्टिक तेवढंच कापलं, खालच्या कागदाला ओरखडा न येऊ देता. पण प्लास्टिक कागदाला चिकटलेलं, ते सुटणार कसं? बाबांनी काकांच्या पुढ्यातला वाफाळता चहाचा स्टीलचा पेला उचलला आणि त्या चौकोनावर ठेवला. मिनिटभर तो तसाच राहू दिला. पेला उचलून बाबांनी कटरच्या टोकाने तो चौकोन असा अलगद सोडवला की आईनेही मान डोलावली असती. कागद जाड आणि गुळगुळीत, म्हणून निभावलं. खिडकीत शिक्का ठणठणीत बसला! काकांनी बोटाने पुसून बघितला, आणि त्यांचा चेहरा खुलला. (चहा तोवर गार झाला होता. दुसरा मागवला.)

मग आमची वरात विभागप्रमुखांकडे. तिथे दुसरी खिडकी, त्यांच्या चहाने. सही करण्याआधी त्यांनी खिडकीला हात लावून बघितला आणि बाबांना हळूच विचारलं, “पुस्तकाचं कव्हर करून देता का?” ग्रंथालयात चहाला बंदी, तेव्हा तिथल्या बाईंनी बाहेरच्या ओट्यावर येऊन सही केली, तिसऱ्या खिडकीत. या धावपळीत चार वाजून गेले. धापा टाकत पुन्हा काकांकडे. काकांनी सगळं तपासलं आणि फॉर्म परत माझ्याकडे सरकवला. “अर्जदाराची सहीच नाही!”

खरंच नव्हती. सगळ्यांच्या सह्या, माझीच नव्हती. काकांनी कपाळाला हात लावला. बाबांनी चौथी खिडकी आखली. बाकीच्यांपेक्षा मोठी, आणि सावकाश, घड्याळात साडेचार झालेले असताना. चौकोन सोडवला, वर फुंकर घातली, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “बघ. करायची आहे का?”

काका म्हणाले, “म्हणजे काय, करायचीच आहे!” बाबांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. मी सही केली. जरा वाकडी आली, पण माझीच आहे हे ओळखू येतं. आणि आत्या, खरं सांगते, सही झाली त्या क्षणी मला जायचंय हे मला कळलं. आधी नुसतंच जायचं ठरलं होतं.

काकांनी पोच फाडून दिली आणि म्हणाले, “तीस वर्षांत एवढा टिकाऊ फॉर्म आला नाही.” घरी येताना बाबा शीळ घालत होते. बऱ्याच दिवसांनी.

तर सगळं सुरळीत झालं. काळजी करू नकोस, गुडघ्याला शेक दे, मोठ्यांना नमस्कार आणि लहानांना माझ्याकडून एकेक चापट. आई तुला आठवणीने सांगते की ती गोळी जेवणाआधी नाही, नंतर.

तुझीच,
भाची

ता. क. तुझी ती चाकांची निळी बॅग रिकामी असेल तर पाठवशील का? एक चाक रुसलेलं आहे हे ठाऊक आहे, चालेल.

ता. क. दुसरा. बॅग नाही पाठवलीस तरी चालेल. पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही.

मंगळवारी दुपारी बाबा कागदाची रिमं आणायला गेले होते. दुकानात मी एकटी होते. सही करायला फॉर्म समोर घेतला आणि पेन टेकवेना. पाच महिने सकाळी उठून कुठे जायचं हे सांगायला कोणी नाही. मी आजवर कोणीतरी विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं देत आले. तिथे जाऊन मला एकही प्रश्न सुचला नाही तर? मशीनचा हिरवा दिवा लागलेला होता. मी फॉर्म प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि मशीनमध्ये सरकवला. पार जायला अकरा सेकंद लागतात. मागे घ्यायचं बटण असतं. मी नुसती बघत उभी राहिले.

बाबा आले, त्यांनी फॉर्म हातात घेतला. पाकीट तिरकं गेलं होतं. वीस वर्षांत बाबांच्या हातून एकही पाकीट तिरकं गेलेलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, आणि आई आल्यावर म्हणाले, सवयीने माझ्याच हातून गेला. तुलाही तेच सांगितलं. तू त्यांना जे जे बोललीस ते सगळं माझ्या नावचं होतं, आत्या. मुद्दाम केलं ते मी. बाबा उभ्याने ऐकत होते आणि मी चार पावलांवर भांडी पुसत होते, एक शब्द बोलले नाही. याची मला इतकी लाज वाटते की तोंडाने सांगणं झालं नाही, म्हणून हे लांबण लावलं.

आता लिहून टाकलं तर बरं वाटतंय. तू माझ्यावर हवी तेवढी रागाव, पण नंतर. आधी बाबांना फोन कर. माफी माग असं म्हणत नाही, तुला ते जमायचं नाही आणि त्यांना ते ऐकवणार नाही. नुसतं विचार, जेवलास का. हे पत्र सोमवारपर्यंत तुला मिळेल. मंगळवारी दुपारी दोन वाजता बाबा जेवून घरीच असतात. मीही असेन, पण फोन मी उचलणार नाही.