आभाळ तापवणारी शेगडी

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार. एरवी हा शब्द माणूस खुर्चीत बसून लिहितो, पण मी या क्षणी खरोखरच जमिनीवर पालथा पडलो आहे आणि आठांपैकी निदान सहा अंगं फरशीला टेकलेली आहेत. त्याचं कारण पुढे येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? (गेला नसेल तर कोरडा आहे की कफाचा ते बघा. कोरडा असेल तर औषध राहू द्या, आधी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडा आणि मग डॉक्टरकडे जा.) आमच्याकडे सर्व खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. आईंचं पत्र तुम्हाला याआधीच पोचलं असेल. त्यात ‘जावई माझ्या जिवावर उठला आहे’ असं वाक्य असेल. ते वाक्य खोटं आहे, पण त्यांनी जे पाहिलं ते मात्र अक्षरशः खरं आहे. तुम्ही रविवारी त्यांना न्यायला येणार असं कळलं. त्याआधी माझी बाजू तुमच्या कानावर पडावी, म्हणून हा खटाटोप.

सगळ्याचं मूळ शेगडीत आहे. बैठकीच्या खोलीतली ती लोखंडी, दाराची, धुराडं छतातून बाहेर गेलेली शेगडी तुम्ही पाहिली आहे. गेल्या हिवाळ्यात आईंची छाती भरली, तेव्हा डॉक्टर जाताजाता एवढंच म्हणाले की यांना ऊब मिळाली पाहिजे. बोलून ते गेले. त्यांना काय, त्यांच्या घरी धाकटी नाही. तुमच्या बहिणीचा स्वभाव मी तुम्हाला काय सांगणार, तो तुम्ही माझ्या कितीतरी आधीपासून भोगला आहे. गणवेश शिवायच्या कारखान्यात ती कापड बेतते, आणि एका ताग्यातून इतरांना जेवढे शर्ट निघतात त्याहून हिचे दोन जास्त निघतात. वर उरलेल्या चिंध्यांकडे ती अशी बघते की चिंध्यांना लाज वाटावी. अशी बाई एके दिवशी अंगणात उभी राहिली, धुराड्यातून जाणाऱ्या धुराकडे बराच वेळ बघत राहिली आणि आत येऊन म्हणाली, “आपण लाकडं जाळून आभाळ तापवतोय.” तेव्हाच मला घाम फुटला होता.

पहिली सुधारणा तशी निरुपद्रवी होती. ओलं लाकूड जळतं कमी आणि धुमसतं जास्त, म्हणून सगळी लाकडं घरात आणून वाळवायची. दोन ओंडके एकमेकांवर आपटायचे, टणटणीत आवाज आला तर वाळलं, बद्द आवाज आला तर पुन्हा चळतीत. ती चळत आता छताला लागली आहे आणि मी तिच्याकडे पाठ करून जेवतो. (जेवताना मी शिंकत नाही. आलेली शिंक घेऊन अंगणात जातो.) मग शेगडीच्या आतून भट्टीच्या विटा बसल्या, म्हणजे आग विझल्यावरही ऊब टिकावी. मग दाराच्या कडेला जाड, न जळणारी दोरी बसली. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सुटून आली तर दार गळतं. मग वरच्या बाजूला एक आडवा पत्रा बसला, म्हणजे ज्वाळेनं सरळ धुराड्यात पळून न जाता वळसा घालून जावं. (जी बाई ज्वाळेला वळसा घालायला लावते ती नवऱ्याचं काय करेल, हा विचार मी सोडून दिला आहे.) इथपर्यंत मी कसाबसा तग धरला. पण त्यानंतर धुराड्यात झडप बसली. आग नीट पेटली की ती झडप बरीचशी लोटून घ्यायची, म्हणजे ऊब वर जात नाही. आणि त्याच आठवड्यात खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटल्या.

दादा, मी विम्याच्या कचेरीत दाव्यांच्या टेबलावर बसतो. दिवसभर लोक कसे गेले ते वाचणं हाच माझा धंदा. माणूस सिंहाला घाबरतो, पण माझ्या टेबलावर आजवर सिंहाचा एकही दावा आलेला नाही. येतात ते जिन्याचे, न्हाणीघराचे आणि शेगडीचे. जिथे धुराला वाट नाही तिथे जो वायू साठतो, त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. (आमच्या साहेबांच्या भाषेत, त्याच्याविरुद्ध एकही पुरावा नाही.) माणसाचं म्हणे आधी डोकं जड होतं, मग झोप येते, मग कशातच मन लागत नाही. मी पडलो नोकरदार, मला ही तिन्ही लक्षणं कचेरीत पाऊल टाकल्यापासून असतात. मग वायू कुठला आणि नोकरी कुठली, हे मी ओळखायचं कसं? शिवाय हा वायू वर जातो की खाली बसतो, याबद्दल आमच्या टेबलावर दोन तट आहेत आणि दोन्ही तट एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून पत्राचं पहिलं पान मी पालथं पडून लिहिलं, हे दुसरं पान स्टुलावर उभं राहून कपाटाच्या माथ्यावर लिहितो आहे. अक्षर बदललं असेल तर समजून घ्या.

तुम्ही म्हणाल, बायकोला सरळ सांगावं. सांगितलं असतं. पण लग्न ठरताना तिनं विचारलं होतं की तुम्ही कशाला घाबरता का, आणि मी छाती काढून म्हणालो होतो, कशालाच नाही. (तेव्हा घरात शेगडी नव्हती.) म्हणून आता मी आपला गुपचूप नखानं खिडकीची एक पट्टी सोडवतो. तिथून हवा आत येते तशी ऊब बाहेर जाते, आणि धाकटीला वाटतं शेगडीच कमी पडते आहे. मग ती आणखी एक सुधारणा करते, मी आणखी घाबरतो आणि आणखी एक पट्टी सोडवतो. हे चक्र मला पूर्ण समजतं, ते थांबवणं तेवढं जमत नाही. मला थरथरताना पाहून परवा तिनं माझ्या अंगावर घोंगडी टाकली आणि शेगडीत आणखी दोन ओंडके. प्रेमानं टाकले हो, त्याबद्दल तक्रार नाही.

आता मूळ प्रकार. मागच्या मंगळवारी संध्याकाळी मी कचेरीतून आलो. धाकटी मागच्या अंगणात लाकडं फोडत होती. आई शेगडीजवळच्या आरामखुर्चीत होत्या, मान छातीवर, हात मांडीत. एरवी त्या तिथे टेकल्या की घोरू लागतात, आणि ते घोरणं इतकं भरदार की फळीवरच्या डब्यांची झाकणं वाजतात. त्या दिवशी झाकणं गप्प होती. मी “आई” म्हटलं. अगदी हळू म्हटलं, कारण मोठ्यानं हाक मारून उत्तर आलं नसतं तर पुढे मी काय केलं असतं? शेगडीमागच्या खिळ्यावर माझा दाढीचा आरसा असतो, तो काढून त्यांच्या नाकासमोर धरला. श्वास असेल तर काच धुरकटते, हे शेंबडं पोरही सांगेल. काच लख्ख राहिली. (काच गार असेल तरच धुरकटते, आणि शेगडीमागे टांगलेली काच तापलेली असते, हे मला धाकटीनं नंतर समजावून दिलं.) दादा, मी रडलो. आईंनी तेवढं पाहिलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. माझी स्वतःची आई मी लहान असतानाच गेली, आणि या बाईंनी पहिल्या दिवसापासून मला ‘अहो जावईबापू’ न म्हणता ‘जेवलास का’ विचारलं. त्या अशा खुर्चीत बसल्या बसल्या जाव्यात, आणि तेही त्यांच्यासाठीच पेटवलेल्या शेगडीपायी, हे मला सोसवेना.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे माणसाला मोकळ्या हवेत नेणं. मी मागून त्यांच्या काखांत हात घालून त्यांना उचलायला गेलो. आजारपणात आई फार वाळल्या, असं आपण सगळे म्हणतो. ते तितकंसं बरोबर नाही. खुर्ची मागे कलली, मी खुर्चीखाली, आई माझ्यावर, आरसा फुटला, माझा पाय चळतीला लागला आणि अर्धा हिवाळा पुरतील एवढी लाकडं आमच्या आजूबाजूला कोसळली. त्या आवाजानं आईंना जाग आली. डोळे उघडताच त्यांना दिसलं ते एवढंच: गळ्याशी जावयाचे हात, आणि दारात कुऱ्हाड घेऊन उभी असलेली पोटची लेक. अशा प्रसंगी कोणत्याही सासूनं जो अर्थ काढला असता तोच त्यांनी काढला. काठीही त्यांच्या हाताशीच होती. माझ्या डाव्या कानाची चौकशी तुम्ही केली नाहीत, पण तो आता बरा आहे.

मी दोघींना सांगितलं की आईंचा श्वास जाणवेना, म्हणून धावलो. वायूचं नाव काढलं नाही. आईंचा विश्वास बसला नाही. तेव्हापासून त्या माझ्या हातचा चहा घेत नाहीत आणि खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून बसतात. धाकटीनं सगळं ऐकून घेतलं, फक्त त्या काचेबद्दल बोलली, आणि पाना घेऊन शेगडीपाशी जाऊन बसली ती जेवायलाही उठली नाही. घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. म्हणून हात जोडून सांगतो (स्टुलावर असल्यामुळे एकच हात जोडतो), आईंना नेऊ नका. त्या आहेत म्हणून या घराला घरपण आहे. त्यांचा गैरसमज तुम्हीच दूर करू शकाल, तुमचा शब्द त्या मोडत नाहीत. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि रात्री झोपताना खिडकी उघडी ठेवत जा.

आपला,
धाकटीचा नवरा

ता. क. वर मी घरपण वगैरे लिहिलं आहे. ते खोटं नाही, पण तेवढंच नाही. खरी गोष्ट अशी की आईंच्या घोरण्यावर माझा जीव चालतो. मी आतल्या खोलीत कान लावून बसलेला असतो. घोरणं ऐकू आलं की बाहेर हवा आहे, शेगडी ताळ्यावर आहे आणि आपण सगळे जिवंत आहोत, हे मला कळतं आणि घास उतरतो. त्या तुमच्याकडे आल्या तर मला कसं कळणार? (पूर्वी खाणीत पिंजऱ्यातला पक्षी घेऊन उतरत असत, असं वाचलं आहे. मी आईंची तुलना कुणाशी करत नाही.)

आणखी ता. क. न्यायचंच ठरलं असेल तर बदली कुणीतरी पाठवा. वहिनींचे वडील आमच्या लग्नात जेवणानंतर खुर्चीत झोपले होते, तेव्हा बँडवाले वाजवायचं थांबवून त्यांच्याकडे बघू लागले होते. ते चालतील.

शेवटचं ता. क. पाकीट उघडंच आहे. घरातला सगळा गोंद खिडक्यांच्या पट्ट्यांना लागला. आई सकाळी पोस्टाकडूनच फिरायला जातात, त्यांच्याकडेच देतो, वाटेत चिकटवून टाकतील. त्या वाचतील ही भीती नाही. शेगडीवर ठेवलेला त्यांचा चष्मा उष्णतेनं वाकडा झाला आहे.

थोरल्या, पुढचं मी लिहिते आहे, तुझी आई. चष्मा वाकडा झालाय, डोळे नाही झाले. फिरायला निघायच्या आधी इथेच खुर्चीत बसून सगळं वाचलं. मला वाटलं हा माझ्या जिवावर उठलाय, आणि हा माझ्यासाठी रडत होता. माणूस चांगला आहे, पण मी असं म्हणाले हे त्याला सांगू नकोस. माझं घोरणं खोटं आहे. या घरात झोपेल कोण? शेगडीची धास्ती मलाही आहे. डोळे किलकिले करून बसते आणि आगीवर नजर ठेवते. घोरले नाही तर हा सारखा दारात येऊन उभा राहतो, म्हणून घोरते. त्या दिवशी चुकून खरीच झोप लागली. खऱ्या झोपेत मी आवाज करत नाही, तुझे वडील सांगायचे. आणि धाकटी झडप लोटून बाहेर गेली की मी काठीनं ती पुन्हा उघडते. तिला वाटतं ऊब कमी पडतेय, म्हणून ती परत पाना घेऊन बसते. बसू दे. भीती वाटली की ती बोलत नाही, काहीतरी खोलून दुरुस्त करते. तुझे वडील शेवटचे आजारी होते तेव्हा तिनं घरातली सगळी कुलपं खोलून पुन्हा जोडली होती, तू पाहिलंस. गेल्या हिवाळ्यात मी जाते की काय असं तिला वाटलं, तेव्हापासून ती शेगडी खोलून बसली आहे. तर रविवारी मला न्यायला येऊ नकोस. असली दोन भित्री माणसं मागे टाकून मी कुठे येऊ? भेटायला म्हणून आलास तर लोकरीचे मोजे आण, एवढ्या सुधारणा होऊनही माझे पाय गारच असतात. आता आवरते. पावलं वाजली, जावई आला वाटतं. घोरायला हवं.