सप्ताळूला दिलेला ताण

धुळे, ता. १२ डिसेंबर १९३४

तीर्थस्वरूप भाऊंचे चरणी धाकट्या गिरधरचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पोचले. परसातल्या सप्ताळूला वैशाखातल्या आखाजीपर्यंत एक जरी फळ धरले, तर विहिरीकाठचा तुकडा फळझाडांसाठी माझ्याकडे देऊन मला घरी बोलावून घ्याल, हे आपण आपल्या हाताने लिहिलेत. ते पत्र मी ट्रंकेत जपून ठेवले आहे. कापसाच्या जिनात वजनकाट्यावर तीन वर्षे झाली. रुईच्या धुळीचा खोकला आता रविवारीही थांबत नाही.

ज्यांनी मला हे कलम दिले ते बंगल्याच्या बागेतले हिलाल माळी सांगतात, की सप्ताळू हे थंड मुलखातले झाड, आपल्याकडच्या हवेत त्याला ताण दिल्याशिवाय फूल येत नाही. म्हणून कृपा करून असे करावे. पाणी आजपासून बंद. बुंध्याभोवती दोन हात माती वीतभर खोल उकरून मुळ्या उघड्या कराव्यात. बोटापेक्षा जाड मुळी तोडू नये. चार आठवड्यांनी कुजलेले शेणखत घालून मुळ्या झाकाव्यात आणि भरपूर पाणी द्यावे. तोवर भांड्यांचे पाणीसुद्धा तिकडे जाऊ देऊ नये, असे वहिनींना सांगावे. त्या झाडाला जवाई म्हणतात, बसून खातो आणि काही देत नाही म्हणून. यंदा जवाई आहेर आणतील, असे त्यांना कळवावे.

मी चौथीपर्यंत शिकलेला. लिहिण्यात काही राहिले असेल तर विचारावे. लोभ आहे तो वाढता राहावा, ही विनंती.

आपला आज्ञांकित,
गिरधर

भडगाव, ता. ४ जानेवारी १९३५

चिरंजीव गिरधर यास जीवरामकडून आशीर्वाद.

तू लिहिलेस तसेच सगळे केले. वीत मोजायला बेबाचा हात घेतला, माझी मोठी पडते म्हणून. आपल्या बेबाला पाहायला चोपड्याचे लोक आले होते. केळीची बाग आहे, माणसे चांगली. मुलीचा दुसरा भाऊ काय करतो, असे विचारले. धुळ्याला जिनात काट्यावर आहे म्हटल्यावर मुलाचा बाप खूश झाला. शेती तर सगळ्यांच्याच घरी आहे, पगारी माणूस कोणाकडे आहे, म्हणाला.

तुझ्या झाडाचे मात्र बरे दिसत नाही. पान न् पान गळाले, नुसत्या काड्या उभ्या आहेत. आंबा, पेरू, लिंबू, कुठले फळझाड पौषात असे उघडे पडते? शेजारच्या कौतिकने हात लावून सांगितले, "हाई झाड मरी गयं." तुझी वहिनी दोन दिवस माझ्यामागे लागली आहे. वाळलेले झाड दारी ठेवून सोयरीक करू नये म्हणते. पुढच्या आठवड्यात तोडून टाकतो.

खोकल्याला अडुळसा घे. इकडे सर्व खुशाल.

जीवराम

धुळे, ता. ७ जानेवारी १९३५, सोमवार

तीर्थस्वरूप भाऊंस साष्टांग नमस्कार.

भाऊ, झाड तोडू नये. चूक माझी आहे. मातीची खोली लिहिली, मुळीची जाडी लिहिली, आणि पाने सगळी गळतात एवढेच लिहायचे राहिले. हिलालांच्या बागेत दर थंडीत तेच पाहतो, म्हणून सुचलेच नाही. आजवर आपण पाणी देत राहिलो, त्यामुळे आपल्याकडे थोडी पाने टिकत.

नखाने साल खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. लगेच खत घालून पाणी द्यावे. महिन्याभरात पानांच्या आधी गुलाबी फुले येतात, मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

हे पत्र मी स्वतः स्टेशनवर जाऊन टाकतो आहे. उत्तर एका ओळीचे आले तरी पुरे. लोभ असू द्यावा.

गिरधर

भडगाव, ता. १४ जानेवारी १९३५

चिरंजीव गिरधर यास आशीर्वाद.

तुझे पत्र शनिवारी मिळाले. झाड आदल्या दिवशीच तोडले होते. वाईट वाटून घेऊ नकोस. बेबाचे चोपड्याला पक्के झाले, लग्न वैशाखात. विहिरीकाठच्या तुकड्यात कापूसच टाकू. तू नोकरी सांभाळ.

तुझी वहिनी त्या लाकडावर चिडली आहे. वल्लं शे म्हणते, चुलीत घातले की नुसता धूर. आज संक्रांत, सोबत तिळगूळ पाठवला आहे.

जीवराम

धुळे, ता. १८ जानेवारी १९३५

तीर्थस्वरूप भाऊंस नमस्कार.

तिळगूळ पोचला. बेबाचे ठरले, आनंद झाला. एक विचारतो, रागावू नये. मेलेले लाकूड ओले नसते. आणि इथले टपाल भडगावला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळते. सोमवारी टाकलेले पत्र शनिवारी कसे मिळाले? झाड तर परत मिळायचे नाही. साल खरवडून पाहिली होती की नाही, एवढेच लिहावे.

गिरधर

भडगाव, ता. २९ जानेवारी १९३५

चिरंजीव गिरधर यास आशीर्वाद.

इतके दिवस लिहवले नाही. तुझे पत्र बुधवारीच आले. परसात जाऊन साल खरवडली. हिरवी होती. वरच्या काड्यांना ज्वारीएवढे डोळेही आले होते.

चोपड्याचा होकार गुरुवारी यायचा होता, आणि तो तुझ्या नोकरीवर होता. फळ धरले असते तर तुला बोलवावे लागले असते. शब्द देऊन मागे घेणे मला जमत नाही. म्हणून फळच नको, असे ठरवले. कुऱ्हाड मीच चालवली, गड्याच्या हाती दिली नाही. बेबाला आणि वहिनीला यातले काही माहीत नाही. आबा गेल्यावर बाप म्हणून बेबाचे मलाच पाहायचे आहे. तू मोठा असतास तर काय केले असतेस, ते लिही.

जीवराम

धुळे, ता. ३ फेब्रुवारी १९३५

तीर्थस्वरूप भाऊंस गिरधरचा नमस्कार.

मी मोठा असतो तर धाकट्याला विचारले असते.

बेबाच्या लग्नापर्यंत थांब, वाटल्यास आणखी दोन वर्षे थांब, असे आपण एका कार्डावर लिहिले असते तर मी थांबलो असतो. मी नाही म्हणेन, असे आपल्याला वाटले. आजवर मी आपल्याला कशाला नाही म्हटले, ते दोन दिवस आठवून पाहिले. एकही आठवले नाही.

लग्नाला येईन. चोपड्याच्या व्याह्यांशेजारी पंगतीला बसेन, काम बरे आहे म्हणेन. खोकला आला तर उठून बाहेर जाईन. बेबाला यातले कधी कळणार नाही, याची काळजी नसावी.

ती सासरी गेली, की तिसऱ्या दिवशी गावातले दोन वडीलधारे बोलावून ठेवावेत. विहिरीकाठच्या तुकड्यासकट सगळ्या शेताघरातला माझा निम्मा हिस्सा मला वेगळा काढून हवा आहे. शब्दावर नको, कागदावर हवा.

वहिनींना नमस्कार, बेबाला आशीर्वाद. लोभाविषयी या खेपेस काही लिहीत नाही.

गिरधर