त्या वादळाचा पहिला इशारा

सारसोळे, नेरूळ

प्रिय दिशा,

माझं पत्र पाहून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा सांगतो, आई बरी आहे. गुडघे दुखतात, तरी बाजारात स्वतः जाते आणि कोलंबीच्या भावावरून अजून भांडते. मी मात्र पावसाळ्यात स्कूटरवरून पडलो आणि पाय मोडून दोन महिने घरी बसलो. तुला कळवलं नाही, कारण तू नागपूरहून धावत आली असतीस.

बसल्या बसल्या एका दुपारी मोबाइलवर, तो सगळे मिळून लिहितात ना, त्या ज्ञानकोशात मला आपलं वादळ सापडलं. बाबाला नेणारं. तेव्हा आपल्याकडे वादळांना नावं देत नसत, म्हणून नुसता महिना आणि साल. लेख जेमतेम चार ओळींचा. मी पाचवी जोडली, की सारसोळ्याचे रामचंद्र कोळी होडीसकट बुडाले. तासाभरात कुणीतरी ती काढून टाकली आणि विचारलं, याला आधार काय? माझं डोकं फिरलं. लिहिलं, आधार मी आहे, ते माझे वडील होते.

उत्तर आलं अक्षता नावाच्या बाईचं. मिरजेच्या शाळेत भूगोल शिकवते. "दादा, माफ करा. पण नियम सगळ्यांना सारखा. छापील आधार कुठेतरी असेलच, आपण मिळून शोधू." मला वाटलं, बोलण्यापुरतं म्हणाली असेल. पण ती खरंच शोधायला लागली, आणि तिच्यामागे आणखी माणसं आली. फिलिपीन्समधली एक निवृत्त नर्स, जिच्या घराचं छप्पर वादळात तीनदा उडालंय. पोलंडमधला एक बेकरीवाला, ज्याने समुद्र आयुष्यात दोनदाच पाहिलाय. कोलकात्याची एक ग्रंथपाल. यांना कुणी पगार देत नाही. एकमेकांचे चेहरेही त्यांनी पाहिलेले नाहीत. तरी जगात कुठे वारा गोल फिरायला लागला की ही माणसं कामाला बसतात, आणि जुनी, विसरलेली वादळंसुद्धा सोडत नाहीत.

बेकरीवाल्याने जुन्या जहाजांच्या नोंदी जुळवून वादळाचा नकाशा केला. दर सहा तासांना एक ठिपका. दिशा, तो मी मोठा करून करून पाहिला. आपण इतकी वर्षं त्याला नुसतं "ते" म्हणत आलो. ते जन्मलं कुठे, दोन दिवस एकाच जागी कसं घुटमळलं, मग कसं वळलं, सगळं माझ्या तळहातावर होतं. त्यातल्या दोन ठिपक्यांच्या मधे कुठेतरी आपला बाबा होता. आपल्या खाडीचं नावही कधी न ऐकलेल्या माणसाने ती जागा इतक्या जपून आखली होती, की मला हात जोडावेसे वाटले.

मग एका वाक्यावर ही माणसं अकरा दिवस अडली. मच्छीमारांना पहिला इशारा कधी मिळाला? एकजण म्हणे सकाळी, दुसरा म्हणे संध्याकाळी. एका कागदावर विश्वास ठेवायचा नाही, दोन हवेत, असा त्यांचा हट्ट. शेवटी ग्रंथपालबाईंनी वर्तमानपत्राचं पिवळं पान धुंडाळून काढलं. त्यात इशाऱ्याची वेळ होती, आणि बुडालेल्यांच्या यादीत बाबाचं नावही. नर्सबाईंना एका जहाजाच्या कप्तानाची नोंदवही मिळाली, त्यात त्या दिवशी रेडिओवर काय काय ऐकू आलं ते वेळेसकट होतं. दोन्ही जुळलं.

हे सगळं तुला लिहितोय ते त्या एका वाक्यासाठी. बाबा निघताना तुला सांगून गेला होता, सकाळी सातच्या बातम्या ऐक, वादळाचं काही बोलले तर होडी सुटायच्या आत जेट्टीवर पळत ये. तू शेजारच्या गोजराकडे खेळायला गेलीस आणि विसरलीस. अकरा वर्षांची होतीस. तिसऱ्या दिवशी, सगळ्यांसमोर, मी तुला म्हणालो होतो, "तू रेडिओ लावला असतास तर बाबा असता." त्यानंतर तू हे कधी काढलं नाहीस, मीही नाही. तू समुद्रापासून इतकी लांब का गेलीस, ते मला ठाऊक आहे. आता लेखात लिहिलंय ते जसंच्या तसं देतो: "दुपारी वादळाने अचानक दिशा बदलली. पहिला इशारा आणि बंदरावरचा धोक्याचा बावटा दुपारी चार वाजता. सकाळच्या बातम्यांत वादळाचा उल्लेख नव्हता." तू रेडिओ लावला असतास, तरी त्यात काहीच नव्हतं. माझं ते बोलणं खोटं होतं आणि मी ते तुला पस्तीस वर्षं वाहायला लावलं. मला माफ कर. आईला वाचून दाखवलं, तेव्हा तिने परत एकदा वाचायला लावलं. मी फोन उचलला तर हात धरून म्हणाली, "फोन नको. पोरीला लिवून कलव. तिला परत परत वाचाया लागंल."

तुझाच, फार उशीर केलेला,
धनेशदादा